लहान लेकरांच्या घरात स्वतःसाठी वेळ कसा काढायचा (गावाकडच्या नव्या आयांसाठी, आणि बापांसाठी पण)

घरात एक पोट्टं दोन वर्षांचं, दुसरं पाच महिन्यांचं, सकाळी नळ आल्यापासून रात्री दुधावर झाकण ठेवेपर्यंत कोणी ना कोणी अंगाला चिकटलेलं, आणि वरून सगळ्यांचं म्हणणं की घरात एवढी माणसं आहेत मंग हिला कायचा त्रास. ज्यांचं असं चालू आहे त्यांच्यासाठी हे लिहून राहिली. मोबाइलवर याच्याबद्दल जे सल्ले येतात ते बहुतेक शहरातले, सांभाळायला बाई लावा, पार्लरला जाऊन या, बेडरूमचं दार लावून घ्या. आपल्याकडे बऱ्याच घरात मधल्या खोलीला दारच नसतं, पडदा असतो, आणि पडद्याआड पाच मिनिटं बसलं की कोणीतरी डोकावून विचारतेच, "काऊन वं, बरं नाही का?" म्हणून हे गावाकडच्या घराच्या हिशोबानं सांगते, एकेक करून.

सगळ्यात आधी एक गोष्ट समजून घ्या, बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. लेकरू झोपलं आणि तुम्ही ओसरीवर टेकल्या तरी कान पाळण्याकडेच असतात. दोरी करकरली की मान वळते, घास हातातच राहते. असा वेळ आरामात धरायचाच नाही. कान मोकळे होतात ते घरातलं दुसरं माणूस तोंडानं म्हणते तेव्हा, की राहू दे, माझ्यापाशी आहे. मंग तो अर्धा तास का असेना, तो खरा. त्यामुळे वेळ शोधायच्या आधी माणूस शोधा.

१. किती वेळ पाहिजे ते घड्याळात सांगा

"मला थोडा आराम भेटला पाहिजे" असं म्हटलं तर घरातलं कोणीच मनावर घेत नाही, कारण त्यात धरायला काही नाही. "सांजच्याला पाच ते साडेपाच" म्हटलं की ऐकणाऱ्याला कळते की आपल्याला काय करायचं आहे आणि ते कधी संपणार आहे. माझ्या मते सुरुवात रोजच्या वीस-पंचवीस मिनिटांनी करा आणि आठवड्यातून एकदा दीड-दोन तास मागा, याच्यापेक्षा जास्त मागितलं तर पहिल्याच दिवशी वाद होतो आणि कमी मागितलं तर चहा गार होईपर्यंतच टाइम जाते.

बाळ सहा महिन्यांच्या आतलं आणि फक्त अंगावरचं दूध पिणारं असेल तर त्याला दर दोन-तीन तासांनी लागतं, म्हणजे तुमच्या मोकळ्या वेळाची खिडकी दूध पाजल्याबरोबर उघडते आणि तास-सव्वा तासात बंद होते. म्हणून पाजलं, ढेकर काढला, की लगेच निघा, आधी भांडे आवरते मंग जाते असं केलं की खिडकी भांड्यातच जाते. दूध काढून वाटी-चमच्यानं पाजायचा विचार असेल तर ध्यानात ठेवा, काढलेलं दूध बाहेर साधारण चार तास टिकतं असं म्हणतात ते २५ अंशाच्या आतल्या खोलीसाठी, आपल्या एप्रिल-मे मध्ये ते तसं बाहेर ठेवूच नका, फ्रिज असेल तरच.

२. दिवसातली आणि हंगामातली फट बघा

गावात टाइम हंगामावर चालते. जून-जुलैत पेरणी, मंग निंदण, तेव्हा घरातले सगळे वावरात आणि घरी तुम्ही, लेकरं आणि म्हातारं माणूस. दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी सुरू झाली की तर विचारूच नका, पहाटे डबे, आणि थेट संक्रांतीच्याही पुढं चालते. या दिवसात सांजच्याला कोणाला मागू नका, वावरातून आलेल्या माणसाचे हात सुद्धा उचलत नाहीत. त्याच्यापेक्षा बाजाराचा दिवस धरा. बऱ्याच गावात त्या दिवशी मजुरी वाटप असते आणि वावराला सुट्टी, दुपारनंतर घरात माणसं असतात. आठवड्याचे ते दीड-दोन तास त्याच दिवशी ठरवून टाका.

उन्हाळ्यात उलटं आहे. पारा ४५ च्या आसपास गेला की दुपारी बारा ते चार गाव बंद, कूलरसमोर सगळे आडवे, आणि लेकरं पण तिथंच झोपतात. वर्षातला सगळ्यात निवांत टाइम हाच, फक्त लाईन गेली की सगळे एकदम उठतात, तर लाईन बारा वाजता जाते की दोन वाजता हे आपल्या डीपीचं जे काही वेळापत्रक असेल ते ध्यानात ठेवून बसा. थंडीत पहाट बरी, सडा टाकायच्या आधीची, पण रात्री तीन वेळा उठणाऱ्या बाईनं पहाटेच्या नादी लागू नये, तिला झोप जास्त लागते.

लेकराच्या झोपेचा पण अंदाज घ्या. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये जे आकडे दिले त्याप्रमाणे चार ते अकरा महिन्यांच्या बाळाला दिवसरात्र मिळून १२ ते १६ तास झोप लागते, एक-दोन वर्षाच्याला ११ ते १४, आणि तीन-चार वर्षाच्याला १० ते १३. म्हणजे दोन वर्षाचं पोट्टं दुपारी तीन तास झोपलं की रात्री अकरापर्यंत नाचणार हे नक्की, त्याला दुपारी दीड-दोन तासात उठवा.

दोन लेकरं असली की खरी कसरत दोघांची झोप एका टायमावर आणायची. तान्ह्याला चार महिन्यांच्या आत कोणतंच वेळापत्रक लागू होत नाही, त्याच्या मागं लागू नका, मोठ्याला हलवा. मोठ्याचं जेवण रोज दहा-पंधरा मिनिटं मागं-पुढं करत आणायचं, आठ-दहा दिवसात त्याची झोप सरकते. आणि तान्ह्याचं तेल-पाणी त्याच्या थोडं आधी करा. आपल्याकडे तेल लावून, ऊन पाण्यानं न्हाऊ घालून, धुरी देऊन, दूध पाजलं की बाळ असं झोपते की बाजूला ट्रॅक्टर गेला तरी हलत नाही, आणि नेमक्या त्याच वेळी आपण काय करतो तर बादलीभर लंगोट घेऊन मोरीवर बसतो. ते लंगोट नंतर धुवा. बाळ जागं असताना, मोठं आजूबाजूला खेळत असताना लंगोट धुता येतात, निवांत बसता येत नाही. दिवसभराची कामं एकदा मनातल्या मनात अशी दोन भागात लावून पाहा, लेकरू जागं असताना होणारी आणि लेकरू झोपल्यावरच होणारी. भाजी निवडणं, कपडे वाळू घालणं, झाडझूड, हे सगळं पहिल्या भागात जाते.

३. "लक्ष ठेवा" म्हणू नका, स्वाधीन करा

इथंच जास्तीत जास्त गडबड होते म्हणून इथं जरा लांबण लावते. "जरा लक्ष ठेवा हं" असं हवेत बोलून गेलं की घरातल्या चार माणसांपैकी प्रत्येकाला वाटतं दुसरा पाहून राहिला, आणि पोट्टं पाहा तर अंगणातल्या हौदापाशी. एका माणसाचं नाव घेऊन, त्याच्या डोळ्याकडे पाहून, लेकरू त्याच्या हातात द्यायचं. सासूला असं काहीतरी बोला:

"आत्याबाई, याचं दूध झालं, शी-सू झाली. साडेपाचपर्यंत तुमच्यापाशी ठेवते. मी मागं वाडीत आहो. कुरकुर केली तर मी येत नाही, तुम्ही आवाज दिला तर येते."

शेवटचं वाक्य सोडू नका. ते बोललं नाही तर लेकरानं पहिलं ऊं केलं की तुम्ही धावणार, आणि दोन-तीन वेळा तुम्ही धावल्या की सासूला पण वाटतं हिला माझ्यावर भरोसा नाही, मंग कायले देते.

सासूकडून "आम्ही चार-चार पोट्टे वाढवले, आम्हाले नाही लागला असा टाइम" हे ऐकायला येईलच. याच्यावर वाद घालायचा नाही. तिला खरंच लागला होता, तिला कोणी दिला नाही, आणि हे तिला माहीत आहे. वेचणीच्या दिवसात तर सून वावरात आणि दिवसभर दोन लेकरं त्या म्हातारीच्या गळ्यात, कंबर दुखते तरी कडेवर घेऊन फिरते, तिचे कान कोण मोकळे करते? म्हणून तिच्यासाठी पण टाइम ठेवा. तिचं हरिपाठाचं किंवा भजनाचं टायमिंग असेल, सामुदायिक प्रार्थना असेल, तेव्हा दोन्ही लेकरं तुम्ही घ्या आणि तिला "बसा निवांत, घाई नका करू" असं म्हणून पाठवा. ज्या घरात ही अदलाबदल झाली तिथं मागावंच लागत नाही नंतर, म्हातारीच म्हणते आता तुझी पाळी.

नवऱ्याचं वेगळं आहे. आपल्याकडे कितीतरी घरात बाप्या माणसं वडिलांसमोर स्वतःचं लेकरू उचलायला लाजतात, मामाजी ओसरीवर बसले असले की हे लेकराकडे पाहत सुद्धा नाहीत आणि आत आले की मुके घेतात. यांना "जरा सांभाळा" म्हणून घरात बसवलं तर दहा मिनिटात परत आणून देतात, "तुझ्याशिवाय राहत नाही." याच्यावर माझा अनुभव असा की बाप आणि लेकरू दोघांना घराबाहेर काढा. गोठ्यात बैलं दाखवायला, पारावर, पानठेल्यापर्यंत पायी पायी, नाहीतर बकऱ्या घरी येतात त्या टायमाला रस्त्यावर. वर्षभराचं पोट्टं बैलाच्या शेपटीकडे पाहत पंधरा मिनिटं गप राहते. हातात टॉवेल, पाण्याची बाटली द्या आणि किती वाजेपर्यंत फिरायचं ते सांगा. आणि परत आल्यावर लेकराच्या तोंडाला धूळ आहे, टोपरं उलटं घातलं, असं काही बोलू नका. बाप त्याच्या पद्धतीनं सांभाळतो, पडलं-झडलं नाही तर ते ठीकच आहे. मामाजींना पण विचारा बरं, बरेच आजोबा कोणी विचारत नाही म्हणून घेत नाहीत.

जाऊ किंवा शेजारीण यांच्यासोबत हिशोब बरोबरीचा ठेवा. आज तिची दोन आणि तुमचं एक तुमच्या अंगणात, उद्या तिच्या अंगणात. एकीला सारखं फुकटात सांभाळावं लागलं की महिन्याभरात बोलणं बंद होते.

४. सोडून जाताना डोळा चुकवून पळू नका

साधारण आठ महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत लेकराला आई दिसेनाशी झाली की भीती वाटते, हे वाढीतलंच आहे, त्यात लाडावलं वगैरे काही नाही. पण आपण काय करतो, कोणीतरी म्हणते "जा जा, तिकडं पाहून राहिला तोवर जा," आणि आपण मागच्या दारानं निसटतो. मंग त्या लेकराला कळते की नजर हटली की माय गायब होते, आणि ते दिवसभर पदर सोडत नाही. सांगून जा, भलेही रडो. "माय वाडीत जाते, येते लगेच," रोज तेच वाक्य, आणि आल्यावर "आली माय." पहिले तीन-चार दिवस आकांत होईल, सांभाळणाऱ्याला आधीच सांगून ठेवा म्हणजे तो घाबरणार नाही. सुरुवात पाच मिनिटांनी करा, मंग दहा, मंग वीस.

५. जागा ठरवा

घरात राहून एकटं बसता येईल असं मला वाटत नाही, लेकराच्या नजरेला तुम्ही पडल्या की संपलं. संडासात मोबाइल घेऊन बसणाऱ्या पुष्कळ आहेत, पण तिथं पण दारावर थापा पडतात आणि पायाला मुंग्या येतात, त्यापेक्षा चांगली जागा असते. स्लॅबचं घर असेल तर वरती पाण्याच्या टाकीच्या सावलीत, मागं वाडीत केळीपाशी, बाज टाकून. वावर जवळ असेल तर धुऱ्यावरच्या निंबाखाली, फक्त दिवसाउजेडी आणि घरी सांगून, पावसाळ्यात गवतात बसू नका. देवळात दुपारी कोणी नसते, तिथं बसलेल्या बाईला कोणी काही विचारत पण नाही, ही जागा मला सगळ्यात सोयीची वाटते.

तिथं बसून काय करायचं हे तुमचं तुम्ही ठरवा, पण दोन गोष्टी नको. एक, सोबत काम नेऊ नका, तूर निवडायची परात घेऊन स्लॅबवर गेलं तर ते काम झालं. दुसरं, रिल्स. अर्धा तास रिल्स पाहिले की डोकं आणखीन भरते आणि टाइम कुठं गेला कळत नाही, मोबाइल फक्त घड्याळापुरता नाहीतर बहिणीला फोन करण्यापुरता.

६. घरी दुसरं कोणीच नसेल तेव्हा

नवरा कामाला बाहेरगावी, सासू-सासरे नाहीत, अशा बाया पण आहेत आणि त्यांना वरचं अर्धं लागू होत नाही. त्यांच्यासाठी घरातली एक सुरक्षित जागा तयार करणं हेच मोठं काम. एक कोपरा असा करा की तिथं लेकरू दहा मिनिटं राहिलं तर काही होणार नाही. खाली सतरंजी, ताट-वाट्या, रिकामे डबे खेळायला, दाराला आडवी फळी. मंग खाली बसून लेकराच्या उंचीवरून खोली पाहा, उभ्यानं दिसत नाही ते दिसते. भरलेली बादली नको, घमेल्यात वीतभर पाणी असलं तरी लहान लेकरू त्यात बुडू शकते. हौदावर, टाक्यावर झाकण. उन्हाळ्यात लोखंडी कूलरला लेकराचा हात पोचेल असं ठेवू नका, ओल्या कूलरमधून करंट लागून आपल्याकडे दरवर्षी माणसं जातात. फवारणीचं औषध, त्याचे रिकामे डबे, पंप, हे घरात कोणत्याच खोलीत नको. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं धडधाकट माणसं गेली, लेकराच्या अंगाला तर थोडंसं पण खूप झालं.

तान्ह्याला झोपवताना उताणं, तोंडाजवळ उशी-गोधडी नको, आणि पावसाळ्यात खाली जमिनीवर नको, विंचू-काट्याचं भय असते.

आणि एक महत्त्वाचं. कधी कधी बाळ तासभर रडते, दूध झालं, लंगोट बदलला, ताप नाही, तरी थांबत नाही. दीड महिन्याच्या आसपास हे रडणं सगळ्यात जास्त असते आणि नंतर कमी होते. अशा वेळी आपलं डोकं सणकलं, हात शिवशिवला, तर बाळाला पाळण्यात उताणं ठेवा आणि बाहेर अंगणात जाऊन पाच-दहा मिनिटं उभ्या राहा, तोंडावर पाणी मारा. रडू द्या तेवढं. बाळाला धरून गदागदा कधीच हलवायचं नाही, त्यानं मेंदूला मार लागते. पाच मिनिटं बाहेर उभी राहणारी माय बरोबरच करते, यात कोणी काही म्हटलं तर ऐकू नका.

७. झोपेचं औषध नाही

लेकरू लवकर झोपावं म्हणून सर्दी-खोकल्याचं सिरप अर्धं झाकण पाजणं, हे चालते गावात, मेडिकलवाला पण देते. हे करू नका. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या औषध नियंत्रकांनी सर्दीच्या एका नेहमीच्या मिश्रणावर चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं छापायला लावलं आहे. आणि २०२५ मध्ये आपल्या शेजारच्या, मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यातली लहान लेकरं विषारी भेसळ असलेल्या खोकल्याच्या औषधानं गेली, कितीतरी जण नागपूरच्या दवाखान्यात भरती होती. तिथली गोष्ट भेसळीची होती, पण डॉक्टरनं लिहून दिल्याशिवाय बाटली उघडायचीच नाही हा नियम दोन्हीकडे कामाला येतो. अफूची बोटं वगैरे जुन्या गोष्टी तर नाहीच.

मोबाइल हातात देऊन गप बसवणं सगळेच करतात. दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको आणि दोन ते चारमध्ये दिवसाला एक तासाच्या वर नको असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. माझं म्हणणं एवढंच की तुमची रोजची वीस मिनिटं मोबाइलवर उभी करू नका, कारण चार्जिंग संपली की तुमचा वेळ पण संपला.

८. एकटं बसूनही बरं वाटत नसेल तर

बाळंतपणानंतर पहिले दहा-पंधरा दिवस उगाच रडू येणं पुष्कळ जणींना होते आणि आपोआप जाते. पण दोन आठवड्यांच्या वर गेलं, लेकराकडे पाहावंसं वाटत नाही, लेकरू झोपलं तरी झोप येत नाही, जगून काय करू असे विचार येतात, तर याला वीस मिनिटांचा निवांतपणा पुरणार नाही, हा आजार आहे आणि त्याला औषध आहे. आशाताईला सांगा. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येते आणि नंतर बाळ ३, ६, ९, १२, १५ महिन्यांचं झाल्यावर येते. ती बाळाचं वजन पाहते, तेव्हा तुमचं पण बोला, ओसरीवर सगळ्यांसमोर नाही बोलता आलं तर तिला मागं वाडीपर्यंत चालवत न्या. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठी असलेल्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, रात्री पण लागते आणि मराठीत बोलतात. माहेर जवळ असेल तर माहेरी जाऊन राहा थोडे दिवस, पण तिथं पण कोणाला तरी सांगा.

९. तीन वर्षांचं झाल्यावर

अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची लेकरं बसतात, त्याच्या खालच्यांना घरी न्यायचा आहार मिळतो. नाव आधीच नोंदवून ठेवा आणि पहिले काही दिवस पंधरा-वीस मिनिटं तिथं सोबत बसा, मंग सेविकाताईला सांगून, लेकराला सांगून निघा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते तुमच्यापेक्षा खिचडीकडे जास्त पाहते.

मोठं अंगणवाडीत गेलं की ते दोन-तीन तास लगेच वावराच्या कामात, नाहीतर बचत गटाच्या कामात वाटून जातात, घरचे पण तसंच धरून चालतात. कामाला जायचं तर जा, पण त्यातला पहिला अर्धा तास आधीच स्वतःच्या नावावर बाजूला काढून मंग बाकीचं सांगा. घरी धाकटं असेल तर त्याचं तेल-पाणी मोठ्याला सोडून आल्याबरोबर करा, म्हणजे ते झोपलेलं आणि मोठं अंगणवाडीत असा अर्धा-पाऊण तास हातात येते, आणि तेव्हा आत्याबाईला पाळण्यापाशी बसवून तुम्ही उठा.